ईएससीचा दिवा लागला म्हणून लगेच एबीएस युनिट बदलू नका

तुमची तक्रार थोडक्यात अशी आहे. २०२१ ची पेट्रोल हॅचबॅक, ६४ हजार किलोमीटर झालेली. रस्त्याच्या तुटलेल्या कडेवर आपटून डावीकडचे दोन्ही टायर फाटले, म्हणून ते दोन नवे टाकले आणि उजवीकडचे जुनेच ठेवले. त्याच दिवशी अलाइनमेंट करून घेतली. तेव्हापासून कुंभार्ली घाटात लांब वळणावर घसरणाऱ्या गाडीचं चित्र असलेला पिवळा दिवा, म्हणजे ईएससीचा, लागतो आणि लागूनच राहतो. गाडी बंद करून पुन्हा चालू केली की जातो. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग थोडं उजवीकडे धरावं लागतं. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, 'एबीएस युनिट गेलंय' असं सांगितलं आणि ३८ हजारांचा अंदाज दिला. बदलू का, असं तुम्ही विचारता.

बदलू नका. तुम्ही लिहिलेल्या माहितीत युनिटकडे बोट दाखवणारी एकही गोष्ट नाही. टायर आणि स्टिअरिंग यांच्याकडे दाखवणाऱ्या मात्र दोन आहेत, आणि त्या तुम्हीच सांगितल्या आहेत. गेली एकवीस वर्षं मी ब्रेक आणि वायरिंगचं काम करतोय. दिवा लागला की थेट युनिटवर उडी मारलेल्या गाड्या दर महिन्याला माझ्याकडे येतात. युनिट नवं बसलेलं असतं आणि दिवा तसाच जळत असतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ईएससी, म्हणजे काही कंपन्या जिला ईएसपी म्हणतात ती यंत्रणा, सतत एकाच प्रश्नाचं उत्तर शोधत असते: चालकाला गाडी जिथे न्यायची आहे तिकडेच ती जातेय का? चालकाच्या मनातलं तिला स्टिअरिंगच्या कोनावरून कळतं. गाडी प्रत्यक्षात काय करतेय ते तीन ठिकाणांहून कळतं. चार चाकांचे चार स्पीड सेन्सर असतात. गाडी भोवऱ्यासारखी किती वेगानं फिरतेय ते मोजणारा यॉ सेन्सर असतो. आणि वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला किती जोरानं ढकलली जातेय ते मोजणारा लॅटरल सेन्सर असतो. शिवाय ब्रेकचा दाब, ब्रेक लाईटचा स्विच आणि इंजिनाचा टॉर्क. गाडी वळणाबाहेर सरकायला लागली तर युनिट एकाच चाकाला ब्रेक लावतं, गरज पडली तर इंजिनाची ताकद कमी करतं आणि गाडी ओळीवर आणतं. साध्या एबीएसमध्ये, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेत, चार चाकांसाठी आठ व्हॉल्व्ह असतात. ईएससीत साधारण बारा असतात, कारण तुम्ही पाय न लावतादेखील तिला ब्रेक दाबता यावा लागतो.

ही यंत्रणा १९९५ मध्ये बॉशने मर्सिडीजच्या एस क्लास गटातल्या मोठ्या कूपेवर आणली. दोनच वर्षांनी स्वीडनमधल्या एका मोटार मासिकाच्या चाचणीत, अचानक आडवं आलेलं जनावर चुकवायच्या वळणावर मर्सिडीजचीच लहान ए क्लास उलटली, आणि कंपनीला त्या छोट्या गाडीतही ईएसपी सरसकट द्यावी लागली. लहान गाडीतल्या ईएससीचा रस्ता तिथून मोकळा झाला. आपल्याकडे नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं ते एप्रिल २०१९ पासून. त्यामुळे एबीएस दुरुस्त करणारे हात आता गावोगाव आहेत, पण ईएससीचा विचार करायची सवय अजून सगळ्यांना लागलेली नाही. दोन्हींचं युनिट एकच, डबी एकच, म्हणून दोष कुठलाही असला तरी पहिलं नाव त्या डबीचं निघतं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ईएससीचा दिवा बहुतेक वेळा 'अमुक पार्ट मेला' म्हणून लागत नाही. सेन्सरांचं आपसांत पटेनासं झालं की तो लागतो. स्टिअरिंग एक सांगतं, चाकं दुसरं सांगतात, यॉ सेन्सर तिसरंच सांगतो. कोण खरं बोलतंय हे युनिटला ठरवता येत नाही, आणि चुकीच्या माहितीवर भर घाटात एका चाकाचा ब्रेक दाबण्यापेक्षा ते बाजूला होतं आणि दिवा लावतं. युनिट आपलं काम चोख करत असल्याचीच ही खूण आहे. स्कॅनरवर दिसणाऱ्या दोषाच्या कोडमध्ये ज्याचं नाव येतं तो बाकीच्यांशी न जुळलेला सेन्सर असतो. तोच चुकलेला असेल असं नाही.

आता तुमच्या गाडीचा हिशेब मांडू. १८५/६५ आर १५ मापाचं चाक धरा. त्याची त्रिज्या साधारण ३१० मिलिमीटर. नव्या टायरची नक्षी ८ मिलिमीटर खोल आणि तुमच्या जुन्याची ३ उरली असेल, तर त्रिज्येत ५ मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणजे सुमारे १.६ टक्के. मोठं चाक तेवढ्याच अंतरात कमी फेरे घेतं. युनिटला चाकाचा आकार दिसत नाही, फक्त फेरे दिसतात. म्हणून ताशी ४० किलोमीटरने सरळ जाताना तुमची डावी चाकं उजव्यांपेक्षा हळू फिरताहेत असं त्याला वाटतं. डावी हळू, उजवी जलद, म्हणजे गाडी डावीकडे वळतेय. किती? दोन चाकांमधलं अंतर दीड मीटर धरलं तर सेकंदाला जवळजवळ ७ अंश. हा आकडा लहान नाही. असं दहा सेकंद चाललं तर गाडी ७० अंशांत वळलेली असायला हवी. आता त्यात स्टिअरिंग घाला. ते तुम्हाला उजवीकडे धरावं लागतंय, म्हणजे कोनाचा सेन्सर 'चालकाला उजवीकडे जायचंय' असं कळवतो. यॉ सेन्सर म्हणतो गाडी सरळ आहे. एक डावीकडे, एक उजवीकडे, एक सरळ, आणि तिघंही आपापल्या परीनं खरं बोलताहेत.

मग सरळ रस्त्यावर दिवा का लागत नाही? टायरमधला थोडा फरक बरीचशी युनिटं काही मर्यादेपर्यंत शिकून सांभाळून घेतात. लांब, एकसारख्या वळणावर मात्र सगळ्या सेन्सरांचे आकडे मोठे होतात, तपासणी कडक होते आणि उरलेली तफावत तिथे उघडी पडते. गाडी बंद करून चालू केली की तपासणी पहिल्यापासून सुरू होते, म्हणून पुढच्या वळणापर्यंत दिवा जातो. युनिटच्या आतली मोटर किंवा व्हॉल्व्ह खराब असता तर दिव्यानं वळणाची वाट पाहिली नसती. चावी फिरवल्यावर किंवा गाडी हलून थोडा वेग घेतल्यावर होणाऱ्या स्वतःच्या चाचणीतच तो लागला असता.

तेव्हा पहिलं काम स्कॅनरचं नाही. नवे दोन टायर एकाच ॲक्सलवर घ्या, म्हणजे एका रांगेत डावं-उजवं सारखं होईल. नवे टायर मागे लावावेत असं माझं ठाम मत आहे, कारण ओल्या रस्त्यावर मागची बाजू सुटली तर सामान्य चालकाला ती सावरत नाही. चारही टायर एकाच मापाचे, मागचे दोन एकाच कंपनीचे आणि एकाच नक्षीचे. हवा टायर थंड असताना भरा.

मग अलाइनमेंट, आणि इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी अलाइनमेंट म्हणजे पुढच्या दोन चाकांचा टो, म्हणजे चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत तो कोन, जुळवणं. हॅचबॅकच्या मागच्या बीमला, म्हणजे मागची दोन चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याला, बहुधा काही ॲडजस्टमेंट नसते, म्हणून तिकडे कुणी बघतच नाही. पण रस्त्याच्या कडेचा जो दणका दोन टायर फाडतो तो बीमलाही वाकवू शकतो. मागचा बीम किंचित तिरका झाला की गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते आणि तिला सरळ ठेवायला स्टिअरिंग कायम एका बाजूला धरावं लागतं. पुढचा टो कितीही जुळवा, मागचा कोन मोजल्याशिवाय हे कळणार नाही. चारही चाकांची अलाइनमेंट करणाऱ्याकडे जा आणि छापील कागदावर मागच्या दोन चाकांचे आकडे मागून घ्या. डावा लोअर आर्म, टायरॉड आणि बीमची बुशेस खालून डोळ्यांनी बघून घ्या.

गाडी सरळ आणि स्टिअरिंगही सरळ असं झाल्यावरच कोनाच्या सेन्सरचं शून्य लावायचं, ज्याला गॅरेजमध्ये एसएएस कॅलिब्रेशन म्हणतात. काही गाड्यांत स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं की शून्य आपोआप लागतं, काहींना स्कॅनर लागतोच. ही पायरी उलट्या क्रमानं करू नका. वाकडं स्टिअरिंग तसंच ठेवून स्कॅनरने 'हेच शून्य' असं शिकवलं की दिवा जातो, गिऱ्हाईक खूश होतं, आणि यंत्रणा कायमची चुकीच्या शून्यावर बसते. ज्या दिवशी तिची खरी गरज पडेल त्या दिवशी ती एका बाजूच्या वळणावर लवकर धावेल आणि दुसऱ्या बाजूला उशिरा. मला ही दुरुस्ती फसवणुकीसारखी वाटते, मग ती करणाऱ्याचा हेतू काहीही असो.

एवढं करून दिवा गेला नाही तर स्कॅनर. कोड आधी पुसायचे नाहीत. कोडसोबत फ्रीझ फ्रेम साठवलेली असते: तेव्हा वेग किती होता, स्टिअरिंग कुठे होतं, व्होल्टेज किती होतं. पुसण्याची घाई केली तर पुरावाच गेला. शिवाय फक्त एबीएसचा विभाग वाचून भागत नाही, सगळे विभाग वाचा. इंजिनाच्या थ्रॉटलमध्ये, म्हणजे हवा आत सोडणाऱ्या झडपेत, दोष असला तरी ईएससी स्वतःला बंद करते, कारण इंजिनाची ताकद कमी करण्याचा हुकूम पाळला जाईल याची तिला खात्री राहत नाही. अशा गाडीत ब्रेकच्या बाजूला कितीही शोधलं तरी काही सापडत नाही.

त्यानंतर मोकळ्या सरळ रस्त्यावर ताशी ४० ने ट्रायल मारायची, सोबत एक माणूस स्क्रीन बघायला. चारही चाकांचा वेग ताशी एका किलोमीटरच्या फरकाच्या आत जुळला पाहिजे. स्टिअरिंगचा कोन शून्याच्या एक-दोन अंशांत हवा, यॉ आणि लॅटरल शून्याजवळ. लॅटरल सेन्सरबद्दल एक सांगून ठेवतो: तो गाडीचा कललेपणाही मोजतो. गॅरेजची फरशी एका बाजूला ५ अंश उतरती असेल तर उभ्या गाडीतही तो ०.०९ जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा जोर) दाखवेल. त्या फरशीवर कॅलिब्रेशन केलंत तर गाडी जन्मभर तिरकी समजली जाईल. सपाट जागा शोधा, पाण्याची लेव्हल ट्यूब लावून बघितली तरी चालेल. बऱ्याच गाड्यांत हा सेन्सर यॉ सेन्सरसोबत एकाच डबीत, दोन सीटच्या मध्ये, कन्सोलखाली बोल्टने बसवलेला असतो. लॅमिनेशन किंवा सीट कव्हरच्या कामात तो सैल होतो, पावसाळ्यात कार्पेटखाली पाणी साचलं की त्याचा कपलर, म्हणजे वायरीचा जोड, हिरवा पडतो. नव्या गाड्यांत तो एबीएस युनिटच्या किंवा एअरबॅग मॉड्यूलच्या आतच असतो. त्यामुळे 'यॉ सेन्सर' असा कोड दिसला की युनिट बदलायचा मोह होतो. तुमच्या गाडीत बहुधा हेच झालं असावं: कोड यॉचा आला, सेन्सर युनिटमध्ये आहे असं कळलं, आणि युनिटचा अंदाज दिला गेला.

चाकाच्या सेन्सरची कहाणी निराळी. कोकणातल्या गाड्यांत तो माझ्या यादीत सर्वांत वर असतो. जुन्या पद्धतीचा दोन वायरींचा कॉइल सेन्सर मल्टीमीटरवर साधारण ८०० ते २००० ओहम दाखवतो आणि चाक फिरवलं की एसी व्होल्टेज देतो. आताचे बहुतेक सेन्सर तसे नसतात. त्यांना युनिटकडून वीज मिळते आणि ते ७ आणि १४ मिलिअँपिअर अशा दोन पायऱ्यांत उत्तर देतात. त्यांना ओहमवर मोजून काही निष्कर्ष निघत नाही. तरी रोज कुणीतरी मोजतो आणि 'ओपन आहे', म्हणजे आतून तुटलाय, म्हणून चांगला सेन्सर फेकून देतो.

याच प्रकारात माझी एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी चिपळूणची एक गाडी आली. मागच्या डाव्या चाकाचा कोड होता आणि आठवड्यापूर्वी दुसरीकडे बेअरिंग बदललेलं होतं. मी सेन्सर बदलला. तोच कोड. दुसऱ्या कंपनीचा सेन्सर आणून लावला, पुन्हा तोच. गिऱ्हाइकाचे दोन दिवस आणि दोन सेन्सरचे पैसे गेल्यावर मला सुचलं की बेअरिंग उघडून बघावं. या बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकाचे बारीक खांब असतात, सेन्सर तेच मोजतो. सील दोन्हीकडून सारखंच दिसतं, आणि बेअरिंग उलटं दाबून बसवलेलं होतं. चुंबक एका बाजूला, सेन्सर दुसऱ्या. चुंबकाच्या रेघा दाखवणारं एक हिरवट कार्ड मिळतं. सीलवर धरलं की रेघा उमटतात, उलट्या बाजूला काहीच दिसत नाही. तेव्हापासून ते कार्ड मी खिशात ठेवतो. सेन्सरचे पैसे मी परत केले, पण त्या माणसाचे दोन दिवस परत करता आले नाहीत.

खाऱ्या हवेत आणखी एक होतं. सेन्सर ज्या खोबणीत बसतो तिथे गंज चढतो आणि सेन्सर मिलिमीटरभर वर उचलला जातो. किंवा जुन्या प्रकारची दातेरी रिंग गंजून तडकते. तेव्हा कोड येतही नाही. गाडी थांबता थांबता, अगदी चालण्याच्या वेगात, कोरड्या रस्त्यावर एबीएस थरथरतं. एवढं लक्षण दिसलं की सेन्सर काढून खोबण तार ब्रशने घासा आणि रिंग पूर्ण फेरा फिरवून बघा.

वीजपुरवठ्याकडे दुर्लक्ष करू नका. युनिटची मोटर चालते तेव्हा मोठा करंट ओढते, म्हणून तिला स्वतंत्र मोठा फ्यूज असतो. अर्थिंगचा बोल्ट पुष्कळदा बॅटरीच्या ट्रेखाली असतो, नेमकं जिथे पावसाचं पाणी आणि बॅटरीचं ॲसिड साचतं. मल्टीमीटर लावलात तर अशा कुजलेल्या वायरीतही १२ व्होल्ट दिसतात, कारण मीटर काही ओढत नाही. हेडलाईटचा जुना बल्ब त्या वायरीवर लावा. बल्ब मंद जळला तर वायर खराब. मोटर चालत असताना अर्थिंगच्या दोन टोकांमध्ये ०.२ व्होल्टपेक्षा जास्त पडता कामा नये. पावसाळ्याच्या शेवटी मी ज्या 'युनिट गेलेल्या' गाड्या दुरुस्त करतो त्यांत हा एक बोल्ट आणि उंदरांनी कुरतडलेली वायर यांचाच भरणा असतो.

गाडीतले कॉम्प्युटर ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या वायरीच्या जाळ्याबद्दल, म्हणजे कॅन बसबद्दल, थोडक्यात. यू ०१२६ म्हणजे स्टिअरिंगच्या सेन्सरशी संपर्क तुटला, यू ०१२१ म्हणजे एबीएसशी. बॅटरी काढून स्कॅनर जोडायच्या ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ६० ओहम आले तर तो कॅन बस साधारण ठीक. १२० आले तर एका टोकाला तुटलेला आहे. मधे गेटवे, म्हणजे जाळ्याचे तुकडे जोडणारा मॉड्यूल, असलेल्या गाडीत हा आकडा फक्त त्या तुकड्यापुरताच खरा. बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टिम किंवा कॅमेरा असेल तर त्याचे जोड आधी उघडून बघा.

मग युनिट खरंच कधी जातं? जातं. स्कॅनरने मोटर चालवायचा हुकूम दिला, वीज आणि अर्थिंग बल्बवर पक्कं निघालं, तरी मोटर फिरली नाही, तर ते गेलं. व्हॉल्व्हचा कोड पुसल्या पुसल्या चावीवरच परत येतो, तर गेलं. कपलरमध्ये ब्रेक ऑइल उतरलेलं दिसलं तर गेलं. तेव्हाही भंगारातून काढलेलं युनिट नुसतं बोल्ट करून भागत नाही. गाडीच्या प्रकारानुसार कोडिंग, स्कॅनरने ब्लीडिंग, म्हणजे ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढणं, आणि सेन्सरांचं शून्य, हे तिन्ही झाल्याशिवाय गाडी हाती घेऊ नका.

तोवर गाडी चालवायची का? फक्त ईएससीचा पिवळा दिवा असेल तर ब्रेक नेहमीसारखे लागतात. घसरल्यावर सावरणारं कुणी नाही एवढं धरून घाटात वेग कमी ठेवा. एबीएसचा दिवाही लागला तर जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ शकतात. त्यासोबत ब्रेकचा लाल दिवा लागला तर मागच्या चाकांचा ब्रेक आवरणारी व्यवस्था गेलेली असू शकते आणि मागची चाकं आधी जाम होतात, किंवा ऑइलच कमी झालेलं असतं. तशा गाडीने कुंभार्ली उतरू नका, टो करून आणा. दिवा काही क्षण लुकलुकून विझतो तेव्हा काळजी नको. तेव्हा यंत्रणा काम करत असते आणि रस्ता तुम्हाला वाटतो त्यापेक्षा निसरडा असतो.

गॅरेजवाल्याशी भांडू नका. त्याला एवढंच विचारा की मोटरची चाचणी घेतली का, कोडचा नंबर काय आणि फ्रीझ फ्रेममध्ये स्टिअरिंगचा कोन किती होता. उत्तरं कागदावर घ्या. टायर एका ॲक्सलवर आणून चार चाकांची अलाइनमेंट झाली की ताशी ४० वरचे चारही चाकांचे वेग, स्टिअरिंगचा कोन आणि यॉचा आकडा मला कळवा. मागच्या चाकांचे अलाइनमेंटचे आकडेही पाठवा, बीम वाकला आहे की नाही ते त्यांवरून बरंचसं कळेल.